पाच टोकांचा तुरा

बुऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्यात उखर्डूचा आवाज चढला, की तो कोणावर चिडला हे कोणी विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं, कोंबडीवर. कुठल्या तरी कोंबडीच्या पायाचा रंग फिका निघाला असेल, नाहीतर एखाद्या पिल्लाच्या पंखात काळं पीस सापडलं असेल, आणि हा बुवा अंगणात उभा राहून बोंबलत असेल. आता माणसाला दुःख करायला दुनियेत काय कमी गोष्टी आहेत? तापीला पूर येतो, कपाशीवर कीड पडते, पोरींची लग्नं अडतात. पण नाही. ह्याचं दुःख पिसाचं.

हा नाद त्याला लावला एका साहेबानं. लालबागच्या रस्त्यावर तेव्हा एक बंगला होता आणि त्यात रस्ते-पूल बांधणारा डॉब्सन नावाचा साहेब राहायचा. कुत्र्यांचे शौकीन साहेब बुऱ्हाणपुरानं पुष्कळ पाहिले होते, घोड्यांचेही पाहिले होते. ह्याला कोंबड्यांचं वेड. विलायतेहून पेटीत घालून, बोटीनं आणि मग रेल्वेनं त्यानं लेगहॉर्न जातीच्या कोंबड्या मागवल्या. दुधासारख्या पांढऱ्या, पाय हळदुले पिवळे, कानाची पाळी पांढरी आणि डोक्यावर लालभडक तुरा. उखर्डू बंगल्यावर झाडलोट करायला होता. साहेबानं त्याला खुराड्यावर नेमलं, आणि तिथून ह्याच्या आयुष्याचं जे व्हायचं ते झालं.

साहेबाकडं एक जाडजूड पुस्तक होतं. कोणत्या जातीचा पक्षी कसा असायला पाहिजे, ते त्यात चित्रासकट दिलेलं. नोकर लोक त्याला पोथी म्हणायचे. तुऱ्याला टोकं पाचच हवीत, चार नकोत आणि सहाही नकोत. कोंबड्याचा तुरा ताठ उभा पाहिजे, डोळा लाल पाहिजे, शेपटी अमुक इतकीच चढलेली पाहिजे, आणि अंगावर पांढऱ्याशिवाय दुसऱ्या रंगाचा ठिपकादेखील चालायचा नाही. उखर्डूला अक्षर वाचता येत नव्हतं, पण चित्र वाचता येत होतं. दोन वर्षांत तो साहेबापेक्षा तयार झाला. कोणता कोंबडा कोणत्या कोंबड्यांत सोडायचा, कोणती अंडी बसवायची, कोणतं पिल्लू ठेवायचं, सगळं तोच ठरवायचा. साहेब नुसतं विचारायचा, "उखर्डू, ये ठीक है?" उखर्डूची मान आडवी हलली, की तो पक्षी संध्याकाळी साहेबाच्या ताटात.

दर जानेवारीत खंडव्याला शौकीन लोकांचं एक प्रदर्शन भरायचं. गोरे साहेब, दोन-चार जहागीरदार, एखादा पाद्री, असे लोक आपापले पक्षी घेऊन यायचे. एका वर्षी डॉब्सन साहेबाच्या कोंबड्याला पहिला नंबर मिळाला. पिंजऱ्यावर निळं कार्ड लागलं, त्यावर साहेबाचं नाव. सगळ्यांनी साहेबाचे हात हातात घेतले. ज्यानं त्या कोंबड्याचा बाप निवडला, आई निवडली, अंड्यावर खूण करून ते उबवलं, तो माणूस रिकामं डालगं धरून मागं उभा. कार्डावर काय लिहिलंय, हे त्यानं प्रदर्शनाच्या सुकलाल नावाच्या कारकुनाला विचारलं. सुकलाल म्हणाला, "मालिक का नाम लिखते हैं, भाई. नौकर का थोडी लिखेंगे?"

ते उखर्डूच्या जिव्हारी लागलं. लागणारच की. सुकलाल खोटं बोलला असता तर एक वेळ चाललं असतं.

पुढं साहेबाची बदली समुद्रापलीकडं झाली. बोटीवर कोंबड्या कुठं न्यायच्या म्हणून त्यानं एक कोंबडा आणि तीन कोंबड्या उखर्डूला देऊन टाकल्या. पुस्तकातलं लेगहॉर्नचं चित्रही फाडून दिलं. पण जाताना हसला आणि म्हणाला, "दो-तीन साल में सब देसी कर डालोगे तुम लोग." चिडून नाही म्हणाला, उलट पाठीवर थाप मारून म्हणाला. तेच जास्त वाईट. उखर्डूनं त्या दिवशी घरी येऊन चित्र देवाच्या तसबिरींशेजारी चिकटवलं आणि बायकोला सांगितलं, "गोदे, ऐकून ठेव. एक दिवस खंडव्याला ह्याच जातीच्या कोंबड्यावर निळं कार्ड लागेल, आणि त्यावर माझं नाव असेल. मेल्याशिवाय मी ते सोडणार नाही."

"नाव तरी कसलं," गोदाबाई म्हणाली. "आईनं उकिरड्यावर लोळवून उखर्डू ठेवलंय, पोर जगावं म्हणून. ते साहेबाला लिहिता येईल का?"

"येईल. न येऊन जातो कुठं!"

आता गोदाबाईचं ऐका. असीरगडाच्या पायथ्याचं तिचं माहेर. तिथून येताना तिनं सात गावठी कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा आणला होता. त्यांची अंडी विकून ती आपल्या चार बांगड्या भरायची. उखर्डूनं पहिल्या आठवड्यातच तो तांबडा कोंबडा बाजारात नेऊन दिला. का तर म्हणे, जातीत मिसळेल. कोंबड्या मात्र ठेवल्या, आणि त्याही प्रेमानं नाही. लेगहॉर्नची कोंबडी अंडी देते, पण अंड्यावर बसत नाही. ती खुडूकच होत नाही. तेव्हा अंडी राणीची आणि उबवायची दाईनं. गोदाबाईच्या कोंबड्या एकवीस-एकवीस दिवस परक्या अंड्यांवर बसायच्या, परकी पांढरी पिल्लं पंखाखाली घेऊन फिरायच्या. आणि गोदाबाईला हुकूम काय, तर पांढऱ्या पक्ष्याला हात लावायचा नाही. "तुझ्या हाताला तेल असतं, मसाला असतो. पीस खराब होतं." हे तो तिच्याच हातची भाकर मोडता मोडता सांगायचा.

सात वर्षं हे चाललं. पहिल्या वर्षी शेजारच्या निंबाचा गावठी कोंबडा भिंतीवरून उडी मारून आत आला. सगळी पिल्लं कबरी निघाली. उखर्डू निंबाच्या दारात जाऊन असा भांडला, की कोणी त्याची पोरगी पळवली असावी. निंबा बिचारा हात जोडून म्हणाला, "अरे भाऊ, कोंबडा आहे, त्याला काय समजते कोणाची जात कोणती?" त्यावर उखर्डू अजूनच भडकला. पुढं मर आली. एका पंधरवड्यात खुराडं रिकामं झालं, उरला तो एक कोंबडा आणि दोन कोंबड्या. त्यांच्याच पोटची पिल्लं आपसात लावत गेला तर तुरे लोळायला लागले, कुठं टोकाशेजारी भलताच कोंब फुटायला लागला. मग पायपीट करून एका पाद्र्याकडून नवं रक्त आणलं, तर त्याच्या पोटात कुठं तरी काळं पीस लपलेलं होतं. ते दोन पिढ्यांनी बाहेर आलं. नुसता वैताग! जे पक्षी नापास व्हायचे ते रश्श्यात जायचे. राजपुऱ्यातले लोक म्हणायचे, उखर्डूच्या घरी रोज सण आहे. त्याला तो रस्सा गिळवायचा नाही. प्रत्येक तुकड्यात त्याला एक-एक वर्ष दिसायचं.

एकदा तो खंडव्याला कोंबडा घेऊन गेलाही. परीक्षकानं कानाच्या पाळीवर बोट ठेवलं. पांढऱ्या पाळीत तांबडा ठिपका, मोहरीएवढा. झालं. पुढल्या वर्षी तुऱ्याला सहा टोकं. ती तर उखर्डूला दिसतच होती, पण त्याला वाटलं, सहावं बारीक आहे, सुटून जाईल. नाही सुटलं. गाडीत परत येताना तो त्या कोंबड्याकडं असा बघत होता, की समोरच्या बाईनं आपलं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं.

आणि मग सातव्या वर्षी तो निघाला.

गोदाबाईच्या कबऱ्या कोंबडीखाली बसवलेल्या अकरा अंड्यांतला हा एक. तीन महिन्यांचा झाला तेव्हा उखर्डूनं त्याला पहिल्यांदा मांडीवर घेऊन चित्राशी ताडून पाहिलं, आणि मग बोलणंच बंद केलं. दृष्ट लागेल म्हणून कोणाला सांगितलंही नाही. तुरा ताठ, टोकं पाच, एकही कमी-जास्त नाही. कानाची पाळी खोबऱ्यासारखी. पाय पिवळे. एकाही पिसावर डाग नाही. उन्हानं पांढऱ्या पिसाला पिवळी झाक चढते, हे साहेबानं शिकवलेलं, म्हणून ह्यानं त्याला चार महिने गोणपाटाच्या सावलीत वाढवला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात फिरवायचा, तेही स्वतः मागं-मागं चालत. हातानं ज्वारी, चिरलेली भाजी, ताक. गोदाबाई चुलीपुढून म्हणायची, "मला ताप आला होता तेव्हा विचारलं नाही ताक पाहिजे का म्हणून." तिनं त्याचं नाव ठेवलं होतं नवरदेव.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नवरदेवाची आंघोळ झाली. तीन घमेली मांडून. एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात नखभर नीळ. ज्या माणसानं जन्मात स्वतःचं धोतर धुतलं नव्हतं, त्यानं त्या कोंबड्याचं एक-एक पीस बोटांनी चोळलं, मऊ फडक्यानं टिपलं आणि शेगडीजवळ बसून वाळवलं. पायांना गोडंतेल लावलं, तुऱ्याला तुपाचं बोट लावलं. गोदाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"काय म्हणता, ह्यावेळी होईल?" तिनं विचारलं.

"होईल," उखर्डू म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज खाली होता. "गोदे, ह्याच्यात खोट नाही. मी शोधून शोधून थकलो. ह्याच्यात खोटच नाही."

सकाळी गाडीसाठी लवकर निघायचं होतं. डालग्यात नवं गवत घातलं, कोंबडा आत ठेवला आणि उखर्डू टांगा बघायला वेशीपर्यंत गेला. तेवढ्यात गोदाबाईनं ओवाळायचं ताट केलं. आता सांगा, घरातून कोणी मोठ्या कामाला निघालं, तर बाई तसंच जाऊ देईल का? मुलगा परीक्षेला निघाला तरी ओवाळतात, नवा बैल आणला तरी त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लागतं. सात वर्षं जिनं ह्या वंशाला हात लावला नाही, तिला वाटलं, आज लावावा. आज ह्याला आपल्या घरचं म्हणावं. तिनं दिवा ओवाळला आणि ओल्या हळदीचं बोट त्याच्या डोक्याला लावायला गेली. कोंबडाच तो, त्यानं मान झटकली. बोट घसरलं ते मानेवरून खाली छातीपर्यंत. तिनं घाबरून पदरानं पुसलं, तर आणखी पसरलं. बाहेर टांग्याची घंटी वाजली. गोदाबाईनं पटकन डालग्यावर फडकं बांधलं आणि गप्प उभी राहिली. बोलली असती तर त्यानं तिथंच आकाशपाताळ एक केलं असतं, आणि गाडी चुकली असती.

असीरगड मागं पडेपर्यंत उखर्डूनं डालगं मांडीवरून खाली ठेवलं नाही. फडकं मात्र उघडलं नाही, इंजिनाचा कोळसा उडेल म्हणून.

खंडव्याला मंडपात पोचला तेव्हा साडेआठ झाले होते. परीक्षक दहाला येणार होता. सुकलालनं पिंजरा दाखवला. उखर्डूनं फडकं सोडलं आणि कोंबडा बाहेर काढला. पांढऱ्या मानेवर पिवळा फराटा. छातीवर तळहाताएवढा पिवळा डाग. आधी त्याला वाटलं, काही रोगच झाला. मग वास आला. हळद.

"गोदे!" तो मंडपात ओरडला. शेजारच्या पिंजऱ्याजवळचा एका साहेबाचा खानसामा दचकून वळला.

तास-दीड तास हातात होता. उखर्डू कोंबडा काखेत मारून नळाकडं धावला. कनवटीला साबणाची वडी होती, ती काढली, पाणी घेतलं आणि चोळलं. अहो, हळदीला साबण लागला की काय होतं, हे कोणत्याही घरातली दहा वर्षांची पोरगी सांगेल. पण ह्या गृहस्थाच्या घरी हळदीचे कपडे आजवर कोणी धुतले होते? तो चोळत गेला, आणि पिवळं होतं ते लाल होत गेलं. त्यानं आणखी साबण लावला. आणखी लाल. त्याला कळेचना. हाताला लागलंय का, कोंबड्याला कुठं कापलंय का, रक्त आहे का? नुसत्या पाण्यानं धुतलं तर लाल जरा उतरलं आणि खाली पिवळं-तांबूस, मळकट असं काही तरी उरलं. वर ऊन पडलं होतं. पिसावर ऊन नको म्हणून त्यानं ओला कोंबडा धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि सावलीत नेऊन बसवला. देवा रे! सात वर्षांत एवढी एकच वेळ होती, जेव्हा त्याला उन्हात बसवायला पाहिजे होतं.

परीक्षक एक म्हातारा गोरा होता, काठी टेकत चालणारा. तो त्या पिंजऱ्यापाशी आला आणि थांबला. वाकला. तुऱ्याची टोकं काठीच्या टोकानं हवेतच मोजली. कान पाहिला, पाय पाहिले, शेपटी पाहिली. बराच वेळ पाहिली. उखर्डूला वाटलं, सुटलं, ह्याला डाग दिसलाच नाही. मग म्हाताऱ्यानं खिशातून रुमाल काढला, पाण्यात भिजवला, छातीच्या पिसावर घासला आणि रुमाल उजेडात धरला. पिवळा.

तो सुकलालला काही बोलला. सुकलालनं उखर्डूकडं न बघता विचारलं, "साहब पूछ रहे हैं, रंग क्यों लगाया? काला पंख छिपाने के लिए?"

"रंग नाही लावला मी," उखर्डू म्हणाला.

"तो ये क्या है?"

आता इथं एकच वाक्य बोलायचं होतं. माझ्या बायकोनं ओवाळलं, हळद लागली. बस. पण भोवती कोण उभं होतं? सगळे खानसामे, चपराशी, साहेब लोकांचे कोंबड्यावाले, जे त्याला डॉब्सन साहेबाच्या वेळेपासून ओळखत होते. आधीच त्यांना वाटायचं, हा साहेबाची नक्कल करतो. कोंबड्याला ओवाळलं म्हटलं असतं, तर मंडप हसून पडला असता, आणि ती हकीकत पुढं वर्षानुवर्षं चालली असती. म्हातारा साहेबही हसला असता. त्याच पाठीवरच्या थापेसारखं हसू. 

"बोलो ना भाई," सुकलाल म्हणाला.

उखर्डू पिंजऱ्याची कडी नीट लावत राहिला.

म्हाताऱ्यानं मान हलवली. जाता जाता तो जे बोलला, तेही सुकलालनं सांगितलं, न सांगता तर बरं झालं असतं. "साहब कहते हैं, दस साल में ऐसा लेगहॉर्न नहीं देखा. कहते हैं, ऐसा पक्षी रंगने की ज़रूरत क्या थी?"

नियम होता तसं झालं. निळं कार्ड एका जहागीरदाराच्या कोंबड्याला गेलं, ज्याचा तुरा डावीकडं झुकलेला होता हे उखर्डूला वीस पावलांवरून दिसत होतं. दाराजवळच्या फळ्यावर सुकलालनं एक कागद लावला: रंग लावलेला पक्षी आणला, सबब ह्या इसमाचा पक्षी पुढं कधी घेऊ नये. खाली नाव लिहायचं होतं, म्हणून त्यानं उखर्डूला जवळ बोलावून नाव, बापाचं नाव, गाव सगळं नीट विचारून घेतलं. आजवर तो नुसतं 'बुरहानपुरवाला' लिहायचा. ह्यावेळी उखर्डू, वल्द लोटू, राजपुरा, सगळं पूर्ण लिहिलं. अक्षर त्याचं चांगलं होतं.

परतीच्या गाडीत उखर्डू मनातल्या मनात गोदाबाईशी भांडत आला. काय-काय बोलायचं ते सगळं त्यानं जुळवून ठेवलं. दिवेलागणीला घरी पोचला. ती दारातच होती, हात पदराला पुसत.

"लागली होती ना हळद?" तिनंच आधी विचारलं. म्हणजे दिवसभर तिला तेच खात होतं.

झालं, बांध फुटला. "लागली होती! लागली होती म्हणते! अगं सात वर्षं! सात वर्षं माझी तू पाण्यात घातलीस! हात लावू नको म्हटलं होतं ना? मला चोर म्हणाले तिथं. फळ्यावर नाव लावलं माझं, चोर म्हणून! रंगवलेला कोंबडा आणला म्हणून! आता जन्मात मला आत घेणार नाहीत!" शेजारचा निंबा भिंतीवरून डोकावला आणि आज काही वेगळं आहे हे पाहून मान खाली घालून निघून गेला.

गोदाबाई रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "आणि तुम्ही सांगितलं नाही, बायकोनं ओवाळलं म्हणून?"

"काय सांगू? हसले असते सगळे."

"मग हसू द्यायचं होतं!" आता तिचाही आवाज चढला. "हसले असते आणि विसरले असते. चोर म्हणवून घेतलं, पण माझं नाव नाही घेतलं तोंडातून. एवढी लाज वाटते माझी?"

 गाडीत जुळवलेल्या बोलण्यात हे कुठंच आलं नव्हतं. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

सकाळी गोदाबाईनं त्याला न विचारता कोंबडा उचलला. लिंबू पिळून कोमट पाण्यानं त्याची मान-छाती धुतली आणि त्याला अंगणाच्या मधोमध उन्हात बांधून ठेवला. उखर्डू ओसरीवर बसून बघत होता. "ऊन लागेल त्याला," तो सवयीनं म्हणाला.

"लागू द्या. हळद उन्हानंच जाते. नवऱ्या मुलाच्या धोतरावरची हळद आम्ही उन्हातच घालवतो. काल विचारायला मी नव्हते तिथं, पण एवढ्या वर्षांत कधी काही विचारलं असतं तर कळलं असतं."

दुपार व्हायच्या आत पिवळं फिकं झालं, मग नुसती सावली उरली, मग तीही गेली. कोंबडा अंग फुलवून उभा राहिला. मानेपासून शेपटीपर्यंत स्वच्छ पांढरा, तुरा ताठ, अंगणभर उजेड पडलेला.

"बघा, झाला की नाही पांढरा?" गोदाबाई म्हणाली.

"झाला," उखर्डू म्हणाला. त्याला राग आला, आणि कोणावर आला ते धड कळलं नाही. "आता कोणाला दाखवू?"

गोदाबाई त्याच्यासमोर खाली बसली. "मला दाखवा," ती म्हणाली. "माझ्याच कोंबडीखाली निघालाय तो. सात वर्षांत एकदा तरी मला जवळ बसवून सांगितलं का, काय चांगलं आहे त्याच्यात?"

 उखर्डू ओसरीवरून उतरला, कोंबडा सोडून मांडीवर घेतला आणि एक बोट त्याच्या डोक्याजवळ नेलं.

"हा तुरा बघ," तो म्हणाला. "टोकं मोज."

गोदाबाईनं हात पुढं केला, आणि अर्ध्यावरच थांबवला. "हात लावू?" तिनं विचारलं.